अध्यासन : ज्ञानासाठी ठेवलेली अक्षय ठेव

विद्यापीठांच्या बातम्यांत ‘अमुक यांच्या नावाच्या अध्यासनाचे प्राध्यापक’ असा उल्लेख अनेकदा वाचावयास मिळतो. अध्यासन हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर एखादी नक्षीदार खुर्ची उभी राहते. प्रत्यक्षात ती खुर्ची कोणालाही दिसत नाही. ती असते हिशेबाच्या वहीत आणि देणगीच्या कराराच्या कागदावर. तरीही विज्ञानाच्या इतिहासातील काही थोर शोध अशा न दिसणाऱ्या खुर्चीत बसलेल्या माणसांनी लावले आहेत. आपल्या धर्मग्रामांतून अनेक मुलेमुली विज्ञान शाखेकडे वळत आहेत आणि आपल्या संस्था महाविद्यालये चालवीत आहेत. अशा वेळी ही व्यवस्था म्हणजे नेमके काय, ती कशी चालते आणि कोठे अडखळते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अध्यासन म्हणजे काय?

एखादी व्यक्ती, कुटुंब किंवा संस्था विद्यापीठाला मोठी रक्कम देते आणि सांगते, ‘ही रक्कम खर्चू नका. ती गुंतवा, आणि तिच्या उत्पन्नातून या विषयाचा एक प्राध्यापक कायमचा ठेवा.’ अशा रीतीने निर्माण झालेल्या पदाला अध्यासन म्हणतात. साधी देणगी एकदा वापरली की संपते. तिच्यातून इमारत उभी राहते, उपकरण येते, ग्रंथ येतात. अध्यासनाच्या देणगीत मुद्दल तसेच राहते आणि केवळ फळ खाल्ले जाते. वाडीतल्या जुन्या आंब्याचे जसे आपण फळ घेतो पण झाड तोडत नाही, तसेच हे आहे.

अध्यासनाच्या करारात साधारणतः तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे मुद्दल व त्याच्या गुंतवणुकीचा मार्ग. दुसरी म्हणजे विषय : पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र वगैरे. तिसरी म्हणजे अटी : प्राध्यापक कसा निवडावा, किती काळासाठी, त्याने शिकवावे किती आणि संशोधन किती करावे. या तिसऱ्या भागावरच अध्यासनाचे पुढील भवितव्य अवलंबून असते, हे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

उगम

इंग्लंडमधील या परंपरेचा आरंभ विज्ञानात नव्हे, ईशज्ञानात झाला. राजा सातवा हेन्री याची आई लेडी मार्गारेट ब्यूफर्ट हिने १५०२ साली ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे ईशज्ञानाची अध्यासने स्थापन केली. केंब्रिजच्या अध्यासनावर प्रथम बसले ते तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक जॉन फिशर. पुढे ते रॉचेस्टरचे बिशप झाले, १५३५ साली आठव्या हेन्रीच्या आज्ञेने त्यांचा शिरच्छेद झाला, आणि १९३५ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. अध्यासनाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर एका संताचे नाव आहे.

विज्ञानाकडे ही परंपरा शतकभरानंतर वळली. सर हेन्री सॅव्हिल यांनी १६१९ साली ऑक्सफर्ड येथे भूमिती व खगोलशास्त्र यांची दोन अध्यासने स्थापन केली. त्यानंतर आले सर्वांत प्रसिद्ध अध्यासन. केंब्रिज विद्यापीठाचे संसद-सदस्य हेन्री लूकस १६६३ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार जमीन विकत घेण्यात आली आणि तिच्या वार्षिक शंभर पौंडांच्या उत्पन्नावर गणिताचा प्राध्यापक नेमण्यात आला. त्या काळी जमीन हीच सर्वांत टिकाऊ ठेव मानली जाई.

पहिले लूकस प्राध्यापक आयझॅक बॅरो यांनी १६६९ साली पद सोडले आणि ते न्यूटनकडे आले. तेव्हा न्यूटन अवघे सव्वीस वर्षांचे होते. पुढे याच अध्यासनावर चार्ल्स बॅबेज, पॉल डिरॅक आणि १९७९ ते २००९ या काळात स्टीफन हॉकिंग बसले. हेन्री लूकस स्वतः गणिती नव्हते. आपल्या पैशातून पुढे काय उगवेल याची त्यांना कल्पनाही नसावी. साडेतीन शतके उलटली तरी ते पद आजही चालू आहे.

कलकत्त्याची कहाणी

आपल्या देशात या व्यवस्थेचे सर्वांत तेजस्वी उदाहरण कलकत्त्यात घडले. त्याची पार्श्वभूमी एका येशूसंघीय धर्मगुरूशी निगडित आहे. बेल्जियममधून आलेले फादर यूजीन लाफाँ कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. प्रयोग दाखवून विज्ञान समजावून सांगण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. जगदीशचंद्र बोस हे त्यांचे विद्यार्थी. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था उभारली, तेव्हा फादर लाफाँ त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले आणि तेथे व्याख्याने देत राहिले. भारतीयांनी भारतीयांच्या पैशातून विज्ञान जोपासावे, हा त्या संस्थेचा ध्यास होता. परंतु पूर्ण वेळ संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांची पदे चालवील एवढा निधी डॉ. सरकार यांच्या हयातीत जमला नाही. इमारत होती, उपकरणे होती, व्याख्याने होती. उणीव होती ती कायमच्या पदांची.

ती उणीव पुढे विद्यापीठाच्या मार्गाने भरून निघाली. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ साली आणि कायदेपंडित रासबिहारी घोष यांनी १९१३ साली कलकत्ता विद्यापीठाला लक्षावधी रुपयांच्या देणग्या दिल्या. पालित यांचे दान जमीन व रोख मिळून सुमारे पंधरा लाखांचे, तर घोष यांचे दहा लाखांचे होते. रासबिहारी घोष हे नाव मराठी वाचकांना अपरिचित नाही : १९०७ सालच्या सुरतेच्या वादळी काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. या देणग्यांच्या बळावर कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांनी १९१४ साली विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसविली. पालित यांच्या निधीतून पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांची, तर घोष यांच्या निधीतून उपयोजित गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांची अध्यासने निर्माण झाली. ही पदे भारतीयांनाच मिळावीत, अशी दात्यांची अट होती. वरिष्ठ शिक्षणसेवेतील जागा बहुतांशी युरोपियनांच्या हाती असण्याचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे या अटीचे मोल समजते.

रसायनशास्त्राच्या पालित अध्यासनावर प्रफुल्लचंद्र राय आले. पदार्थविज्ञानासाठी मुखर्जींनी निवडले चंद्रशेखर वेंकट रमण यांना. रमण तेव्हा सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते आणि फावल्या वेळात डॉ. सरकार यांच्या संस्थेत प्रयोग करीत. अध्यासनाचा पगार सरकारी वेतनाहून बराच कमी होता. शिवाय प्राध्यापकाने परदेशी जाऊन प्रशिक्षण घ्यावे अशी अपेक्षा होती. रमण यांनी तसे जाण्यास नकार दिला. मुखर्जींनी ही अट आड येऊ दिली नाही, आणि १९१७ साली रमण पालित प्राध्यापक झाले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशाच्या विकिरणाचा ‘रमण परिणाम’ सिद्ध झाला. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९३८ साली याच अध्यासनावर मेघनाद साहा आले.

रमण यांची बुद्धी पालितांच्या पैशाने निर्माण झाली नव्हती, हे खरेच. परंतु कचेरीच्या आधी व नंतर चोरून मिळणारे तास आणि संपूर्ण आयुष्य यांतील अंतर त्या पैशाने मिटविले.

मालवणचा सुपुत्र

घोष अध्यासनांपैकी वनस्पतिशास्त्राचे अध्यासन एका मराठी माणसाकडे गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मालवण येथे १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाशी संबंधित होते. कलकत्त्याच्या अध्यासनासाठी निवड झाल्यावर ते अभ्यासासाठी जर्मनीला गेले आणि पहिल्या महायुद्धामुळे तेथेच अडकून पडले. बर्लिनची डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि १९४६ सालापर्यंत कलकत्त्यात वनस्पतिशास्त्राची धुरा वाहत राहिले.

निवृत्तीनंतर ते पुण्याला आले. १९४६ साली तेथे स्थापन झालेल्या ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेचे ते संस्थापक-संचालक झाले. हे नाव डॉ. सरकार यांच्या कलकत्त्यातील संस्थेची आठवण करून देणारेच आहे. १९९२ साली या संशोधन संस्थेला आघारकरांचे नाव देण्यात आले. गव्हाच्या वाणांवरील तिचे कार्य शेतकऱ्यांना परिचित आहे. बंगालमधील एका वकिलाने ठेवलेल्या निधीवर एक मालवणी शास्त्रज्ञ घडला आणि त्याने पुण्यात एक संस्था उभी केली. अध्यासनाचे फळ दात्याच्या कुंपणातच पडते असे नाही.

जिवंत निधी

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. कॅथॉलिक महाविद्यालयांनी विज्ञानात एवढे कार्य केले, त्यांच्याकडे अशी अध्यासने पूर्वी का नव्हती? याचे उत्तर अमेरिकेतील कॅथॉलिक संस्थांत रूढ असलेल्या एका शब्दप्रयोगात आहे. तेथे शिकविणाऱ्या धर्मगुरूंना, व्रतस्थ बंधूंना आणि धर्मभगिनींना ‘जिवंत निधी’ म्हटले जाई. त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतलेले असे. त्यांचे वेतन कागदावर दाखविले तरी ते संस्थेकडेच परत येई. प्रत्येक व्रतस्थ प्राध्यापक म्हणजे जणू एक अध्यासनच होते, ज्याचे मुद्दल म्हणजे त्याचे समर्पित आयुष्य.

आपल्याकडेही हेच चित्र होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी पश्चिम भारतातील वनस्पतींचा अभ्यास केला. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही संशोधकांना उपयोगी पडतो. स्पेनहून आलेले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी ते कार्य पुढे नेले. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. या संशोधकांसाठी कोणा धनिकाला निधी ठेवावा लागला नाही. त्यांचे अध्यासन त्यांच्या व्रतातच होते.

परंतु हा जिवंत निधी आटत गेला. १९६० च्या दशकानंतर अमेरिकेत व्रतस्थांची संख्या झपाट्याने घटली. त्यांच्या जागी प्रापंचिक प्राध्यापक आले. त्यांना कुटुंब होते, घरभाडे होते, मुलांचे शिक्षण होते. त्यांना रास्त वेतन देणे हा न्यायाचा प्रश्न होता. ज्या महाविद्यालयांनी हे वेळीच ओळखले ती टिकली. नोत्र दाम विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या १९५२ ते १९८७ या कारकिर्दीत विद्यापीठाचा कायम निधी सुमारे नव्वद लाख डॉलरवरून पस्तीस कोटी डॉलरवर गेला आणि अनेक अध्यासने निर्माण झाली.

एका श्रद्धावंत स्त्रीचे मृत्युपत्र

याच प्रवाहात क्लेअर बूथ लूस यांचे नाव येते. नाटककार, अमेरिकन काँग्रेसच्या सदस्य आणि इटलीतील राजदूत म्हणून त्या प्रसिद्ध होत्या. १९४४ साली त्यांची एकुलती एक कन्या मोटार अपघातात मरण पावली. त्या दुःखातून वाट शोधत १९४६ साली त्यांनी कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली. १९८७ साली त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग विज्ञान, गणित व अभियांत्रिकी या क्षेत्रांत स्त्रियांना पुढे आणण्यासाठी ठेवलेला आढळला. १९८९ साली तो उपक्रम हेन्री लूस प्रतिष्ठानमार्फत सुरू झाला. त्यातून जॉर्जटाउन, फोर्डहॅम, नोत्र दाम, सांता क्लारा, क्रेटन अशा कॅथॉलिक विद्यापीठांना, तसेच अन्य संस्थांनाही, विज्ञान शिकविणाऱ्या तरुण स्त्रियांच्या पदांसाठी साहाय्य मिळाले.

या पदांची रचना लूकस किंवा पालित यांच्याहून वेगळी आहे. येथे निधी पाच वर्षे वेतन व संशोधनखर्च देतो. त्यानंतर ते पद संस्थेने स्वतःच्या खर्चाने चालवावयाचे असते. म्हणजे एकच रक्कम आज एका विद्यापीठाला, उद्या दुसऱ्याला उपयोगी पडते. संशोधनखर्चाचा हिस्सा प्राध्यापिकेच्या गरजेनुसार वापरता येतो, ही त्यातील सूज्ञ तरतूद होय. प्रयोगशाळेची पहिली पाच वर्षे आणि संसाराची पहिली वर्षे स्त्रियांच्या आयुष्यात बहुधा एकाच वेळी येतात. तेथेच अनेक गुणवंत स्त्रिया विज्ञानापासून दूर होतात. दात्रीने नेमक्या त्या वळणावर हात दिला.

निधीचे गणित

आता व्यवहाराकडे वळू. अध्यासन ‘कायमचे’ ठेवायचे तर त्याचा खरा शत्रू महागाई आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, एक कोटी रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले. वर्षाला सात लाख रुपये व्याज आले आणि ते सर्व खर्च केले. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर साधारण चौदा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात. तेव्हाही हाती सात लाखच येतील, पण त्यांची किंमत आजच्या साडेतीन लाखांएवढी असेल. अठ्ठावीस वर्षांनी ती पावणेदोन लाखांवर येईल. मुद्दलाला कोणी हात लावला नाही, तरी ते आतून पोखरले गेले.

यावर उपाय एकच : उत्पन्नाचा काही भाग मुद्दलात परत घालणे. वरील उदाहरणात सातपैकी पाच लाख परत घातले तरच निधीचे खरे मूल्य टिकते, आणि खर्चासाठी उरतात अवघे दोन लाख. अमेरिकेतील विद्यापीठे बहुधा निधीच्या गेल्या तीन वर्षांच्या सरासरी मूल्याच्या चार ते पाच टक्के खर्च करतात. त्यांना ते परवडते, कारण त्यांच्या गुंतवणुकीचा मोठा भाग समभागांत असतो आणि दीर्घकाळात त्यांचे उत्पन्न अधिक येते. आपल्याकडे सार्वजनिक न्यासाचा पैसा कोठे गुंतवावा याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याचे बंधन आहे. बँका व सरकारी रोखे हाच बहुतेक न्यासांचा मार्ग असतो. तो सुरक्षित आहे, परंतु त्याचे फळ कमी आहे.

सातव्या वेतन आयोगानुसार प्राध्यापकाचे मूळ वेतन दरमहा १,४४,२०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते धरता वर्षाचा खर्च पंचवीस लाखांच्या पुढे जातो. दोन टक्क्यांच्या हिशेबाने पंचवीस लाखांसाठी साडेबारा कोटींचे मुद्दल हवे. हा आकडा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु पाच-दहा लाखांच्या देणगीवर ‘अध्यासन’ अशी पाटी लावण्यापूर्वी तो डोळ्यांसमोर असावा.

दाता आणि स्वातंत्र्य

दुसरा धोका पैशाचा नाही, अधिकाराचा आहे. देणगी देणाऱ्याला विषय ठरविण्याचा हक्क आहे. परंतु प्राध्यापक कोण असावा आणि त्याने कोणता निष्कर्ष काढावा हे त्याने ठरविले, तर ते अध्यासन राहत नाही, ती नोकरी होते. अमेरिकेतील येल विद्यापीठाला १९९१ साली पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासासाठी दोन कोटी डॉलर मिळाले होते. नेमणुकांना मान्यता देण्याचा अधिकार दात्याने मागितला, तेव्हा १९९५ साली विद्यापीठाने ती रक्कम परत केली. उदाहरण विज्ञानाचे नसले तरी धडा विज्ञानाला अधिकच लागू पडतो. औषध कंपनीने ठेवलेल्या अध्यासनावरील प्राध्यापकाला त्याच कंपनीच्या औषधातील दोष सांगता आला पाहिजे.

अटी फार ताठर असल्या तरीही हानी होते. मुखर्जींनी परदेशी प्रशिक्षणाचा आग्रह धरला असता तर ते अध्यासन रमण यांना मुकले असते. म्हणून करारात हेतू स्पष्ट असावा आणि तपशील बदलण्याची वाट मोकळी असावी. पद वर्षानुवर्षे रिक्त ठेवून व्याज दुसरीकडे वळविण्याचा मोह संस्थेलाही होतो. त्यावर उपाय म्हणजे दरवर्षी हिशेब जाहीर करणे.

आपल्याकडे काय शक्य आहे?

महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत मान्य पदांवरील प्राध्यापकांचे वेतन शासन देते. म्हणून तेथे पूर्ण वेतनाचे अध्यासन हीच एकमेव वाट नाही. वेतन शासनाचे, आणि निधीतून संशोधनाचा खर्च, एक-दोन संशोधक विद्यार्थ्यांना विद्यावेतन, रसायने व नियतकालिके, अशी ‘अंश-अध्यासने’ अधिक व्यवहार्य ठरतील. वर्षाला चार लाख रुपयांचा असा आधार छोट्या महाविद्यालयातील प्राध्यापकाचे जीवन बदलू शकतो, आणि त्यासाठी दोन कोटींचा निधी पुरतो. तो एका कुटुंबाला न पेलला तरी माजी विद्यार्थ्यांच्या संघाला पेलेल. लूस यांच्याप्रमाणे पाच वर्षांचे मुदती पद हाही एक मार्ग आहे.

परदेशस्थ बांधवांकडून साहाय्य घ्यावयाचे असेल तर विदेशी अंशदान कायदा, २०१० यातील नियम आधी तपासावेत. न्यासाने आपल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा खर्च करावा अशी प्राप्तिकर कायद्याची अपेक्षा असते. व्याज मुद्दलात परत घालण्याची तरतूद त्यात कशी बसते, हे सनदी लेखापालाकडून समजून घेतल्याशिवाय करार करू नये.

आपले पूर्वज चर्चच्या दिव्यासाठी, उत्सवासाठी, गरिबांच्या अन्नासाठी जमिनीचा तुकडा लिहून देत. आपण गेल्यानंतरही दिवा तेवत राहावा, ही त्यामागील भावना. अध्यासन ही त्याच वृत्तीची दुसरी वाट आहे. फादर ब्लॅटर आणि फादर सांतापाव यांच्यासारखे जिवंत निधी आता विरळ झाले आहेत. त्यांच्या प्रयोगशाळा व संग्रह पुढील पिढीकडे सोपवायचे असतील, तर तेथे काम करणाऱ्या माणसाच्या निर्वाहाची आणि निवांत वेळेची तरतूद समाजालाच करावी लागेल. किती रकमेपासून आरंभ करावा, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी एकत्र बसून सोडवावा.